परिचयपत्रातील अपूर्ण पदवी

महाविद्यालयीन अध्यापकपदाच्या अर्जात 'शैक्षणिक पात्रता' या शीर्षकाखाली जो तक्ता असतो, त्याचे रकाने ठरलेले असतात. परीक्षेचे नाव, विद्यापीठ, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, शेकडा गुण, श्रेणी. हा तक्ता उत्तीर्णांसाठी आखलेला आहे. एम.ए. झाल्यावर ज्याने सहा-सात वर्षे एखाद्या विषयावर काम केले, ग्रंथालयांतील जुन्या फायली चाळल्या, गावोगाव हिंडून ओव्या उतरवून घेतल्या, दोन-तीन प्रकरणे लिहून मार्गदर्शकांच्या हाती दिली आणि मग काही कारणाने प्रबंध सादर केला नाही, त्याला या तक्त्यात जागा नाही. 'उत्तीर्ण झाल्याचे वर्ष' या रकान्यात त्याने काय लिहावे?

अशा व्यक्तीला व्यवहारात दोनच वाटा मोकळ्या दिसतात. ती वर्षे परिचयपत्रातून गाळून टाकायची, ही एक. 'पीएच.डी. (चालू)' असे लिहून रकाना भरायचा, ही दुसरी. पहिल्या वाटेने केलेले काम नाहीसे होते. दुसरीने न होणारे काम होत असल्याचा आभास निर्माण होतो. दुसरी वाट आपल्या विभागांमधून इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे, असे वाटेनासे झाले आहे. अपूर्ण पदवी अपूर्ण म्हणूनच नोंदवावी, आणि ती नोंद पदवीच्या नावाने न करता केलेल्या कामाच्या तपशिलाने करावी, ही तिसरी वाट मात्र फारशी कोणी विचारातही घेत नाही. ती घेण्यासारखी आहे; किंबहुना मराठीच्या अभ्यासाच्या दृष्टीने ती आवश्यक आहे.

भाषेच्या अध्यापकांनी येथे क्रियापदाकडे पाहावे. 'पीएच.डी. करीत आहे' हा अपूर्ण वर्तमानकाळ आहे. क्रिया सुरू असून ती संपलेली नाही, एवढेच तो सांगतो. ती कधी सुरू झाली आणि कधी संपेल, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी आणि ज्यांची नोंदणी केव्हाच रद्द झाली आहे असे पन्नाशीचे अध्यापक, दोघेही एकाच वाक्यात सुखाने नांदतात. वास्तविक दुसऱ्या व्यक्तीला हवा आहे अपूर्ण भूतकाळ: 'या विषयावर संशोधन करीत होतो.' व्याकरणात त्याची सोय आहे, शिक्षणव्यवहारात नाही.

ही सोय पूर्वी मुळीच नव्हती असे नाही. ब्रिटिश अमदानीत आणि त्यानंतरही काही दशके 'नॉन-मॅट्रिक', 'इंटरपर्यंत', 'बी.ए. नापास' अशा नोंदी अर्जांत आणि लग्नाच्या टिपणांत उघडपणे होत असत. त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु त्या नोंदीमागे एक साधा व्यवहार होता. शिक्षण ही चढत जाण्याची वाट असून माणूस जेथवर गेला तेथवरचा हिशेब त्याने द्यावा, असे त्यात गृहीत होते. इंटरपर्यंत शिकलेल्या माणसाने कोणत्या इयत्तेपर्यंतची पुस्तके वाचली असतील, हे कचेरीतल्या साहेबाला त्या एका शब्दावरून कळत असे. आज एम.ए. झालेल्या उमेदवाराने संशोधनाची किती वाट चालली, हे सांगणारा एकही शब्द निवडसमितीसमोर येत नाही. एक तर तो 'डॉक्टर' असतो, नाही तर नसतो.

मधल्या काळात नेमके काय बदलले? विद्यापीठ अनुदान आयोगाने १९ सप्टेंबर १९९१ रोजी अध्यापकांच्या किमान पात्रतेची नियमावली लागू केली आणि नेट किंवा सेट परीक्षा अनिवार्य ठरली. पुढे त्या अटीतून काहींना सूट मिळाली. ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत ज्यांनी एम.फिल. पूर्ण केले किंवा पीएच.डी.चा प्रबंध सादर केला, त्यांना नेटची गरज उरली नाही. या एका तारखेने संशोधनाच्या अर्थात मोठा फरक केला. डिसेंबरात प्रबंध बांधून विद्यापीठात जमा करणारा पात्र झाला. तितकेच काम केलेला, पण शेवटचे प्रकरण जानेवारीवर गेलेला मात्र अपात्र राहिला. पुढे महाराष्ट्रात १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमल्या गेलेल्या नेट-सेट नसलेल्या अध्यापकांचा प्रश्न दोन दशके धुमसत राहिला. २०१३ मध्ये अध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला आणि त्याच वर्षी शासननिर्णय निघाला. त्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यायचे ते एवढेच की या काळात पीएच.डी. ही अभ्यासाची अवस्था न राहता सेवापुस्तकातील नोंद झाली. वेतनवाढी, वरिष्ठ श्रेणी, सहयोगी प्राध्यापकपद हे सारे तिच्याशी जोडले गेले. २०१८ च्या नियमावलीने तर विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक होण्यासाठीही ती अनिवार्य केली होती. त्या अटीची अंमलबजावणी आधी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ पासून नेट, सेट हीच पुन्हा किमान पात्रता ठरली. पदवीला इतके वजन आल्यावर ती नसणे ही उणीव आणि ती अर्धवट असणे हा दोष मानला जाऊ लागला, यात नवल नाही. दोष कोण लिहून देईल?

त्याच वेळी 'चालू' या शब्दामागचा आधारही निसटत गेला. पूर्वी मुदतवाढीचा अर्ज करावा, शुल्क भरावे आणि नोंदणी जिवंत ठेवावी, असा प्रघात होता. विषय वर्षानुवर्षे एकाच नावावर राहत असे. २०१६ च्या नियमावलीने पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मर्यादा घातली. २०२२ च्या नियमावलीनुसार सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यापुढे आणखी दोन. म्हणजे आठ किंवा फार तर दहा वर्षे. त्यानंतर 'चालू' हे विधान केवळ ढिले राहत नाही, ते खोटे ठरते. नियमाने मर्यादा घातली ते बरेच झाले. पण मर्यादेबाहेर पडलेल्यांना काय म्हणायचे, हे नियमावलीने सांगितले नाही.

एक मधला टप्पा होता, तोही गेला. एम.फिल.चा लघुप्रबंध लिहिणाऱ्याला दीड-दोन वर्षांच्या कामाची रीतसर पदवी मिळत असे, आणि पुढची वाट सोडली तरी हातात काही उरत असे. २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केले. पूर्वी मिळवलेल्या एम.फिल. पदव्या ग्राह्य आहेत, परंतु नव्याने येणाऱ्यांना ती पायरी नाही. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. कोलंबिया आणि येल यांसारख्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या वाटेवर प्रबंधाआधीचे सर्व टप्पे पार केलेल्यास एम.फिल. दिली जाते, आणि प्रबंध तेवढा राहिलेल्यांसाठी तेथील बोलीत 'ए.बी.डी.' हे संक्षिप्त रूप रूढ आहे. ते काही मानाचे बिरुद नाही; त्याच्यावरही विनोद होतातच. पण शब्द आहे, आणि शब्द असल्यामुळे ती अवस्था सांगता येते.

आपल्याकडचा विरोधाभास २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे अधिकच उठून दिसतो. या धोरणाने पदवीच्या शिक्षणात मधूनच बाहेर पडण्याची मुभा दिली: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. दोन वर्षांच्या एम.ए.मधून पहिल्या वर्षानंतर निघणाऱ्यास स्नातकोत्तर पदविका मिळू शकते. मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवण्यासाठी २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे नियम आले. अर्धवट शिक्षणही मोजता येते, हे तत्त्व म्हणजे शासनाने मान्य केले. मग ते तत्त्व सर्वांत वरच्या पायरीवर का थांबावे? पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला किमान बारा श्रेयांकांचा पूर्व-अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्यात ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. तो केल्यानंतर रूपरेषा मंजूर करून घ्यावी लागते, ठरावीक काळाने संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. हे सगळे करून पाचव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याच्या हाती मात्र शुल्काच्या पावत्यांखेरीज फारसे काही राहत नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याची स्थिती या बाबतीत त्याच्याहून बरी आहे.

अपूर्ण राहणे आणि अपुरे पडणे या दोन गोष्टी एक मानण्याची सवय किती चुकीची आहे, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पदवी मिळवली आणि १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तेथील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांना दिली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले, तेव्हा लंडनचा अभ्यास अपूर्ण होता आणि कोलंबियाची पीएच.डी.ही प्रदान झालेली नव्हती. १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापून निघाला आणि कोलंबियाने पीएच.डी. पदवी रीतसर प्रदान केली ती १९२७ मध्ये.

असा असामान्य माणूस उदाहरणादाखल घेऊन सर्वसामान्यांना धीर देण्याचा हेतू येथे नाही. तसे करणे सवंग होईल. पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. १९१७ ते १९२० या काळातील त्यांच्या शिक्षणाची स्थिती आज वर्षांनिशी सांगता येते: काय पुरे झाले होते, काय थांबले होते, कशामुळे थांबले होते आणि केव्हापर्यंत परत जाता येणार होते. खंड पडला तो पैशाअभावी, आणि परतीचे दार किती काळ उघडे राहील हे विद्यापीठाने सांगून ठेवले होते. आपल्या आजच्या तक्त्यात १९१८ सालचा तो अर्ज भरायचा झाला, तर एम.ए.च्या पुढे कोरी ओळ सोडावी लागेल.

मराठीत संशोधन अर्ध्यावर राहण्याची कारणे सर्वांना माहीत आहेत. ती लिहिली मात्र जात नाहीत. तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या अध्यापकाला उन्हाळ्याच्या सुटीत मानधनही मिळत नाही, आणि हस्तलिखिते पाहायला परगावी जाण्याचा काळ तोच असतो. मार्गदर्शक निवृत्त होतात किंवा त्यांचे निधन होते. नवे मार्गदर्शक विषय बदलण्याचा आग्रह धरतात. विवाहानंतर गाव बदललेल्या स्त्रीला विद्यापीठाच्या गावी येणे दुरापास्त होते. नियमावलीने स्त्री-संशोधकांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंतची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देऊ केली आहे, पण घरातील वृद्धांच्या आजारपणाची वर्षे तिच्यात बसत नाहीत. कधी विषयच फसवा निघतो, साधने मिळत नाहीत. कधी, हेही म्हटले पाहिजे, आळस होतो.

परंतु थांबण्याआधी झालेले काम खरे असते. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ मध्ये निघाले आणि १९३७ पर्यंत चालले. त्यातील ग्रंथपरीक्षणांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या माणसाने सत्तर वर्षांचे अंक ओळीने पाहून टिपणे केली असतील, तर त्याचे मूल्य प्रबंध न झाल्याने संपत नाही. महानुभावांच्या पोथ्यांसाठी सकळ लिपी शिकलेली विद्यार्थिनी प्रबंध सोडून शाळेत शिकवू लागली, तरी तिला ती लिपी वाचता येतेच; आणि ती वाचणारी माणसे आज मोजकीच आहेत. एखाद्याने चार तालुक्यांतील बोलीचे शब्द गोळा केले, सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्यानंतर वारल्या. ती वही आता पुन्हा लिहिता येणार नाही. अशी वही माळ्यावर पडून राहते, कारण जिच्याकडे ती आहे ती व्यक्ती आपल्या परिचयपत्रात त्या वर्षांचा उल्लेखही करीत नाही. त्याच विषयाकडे वळणारा नवा अभ्यासक मग पहिल्या गावापासून सुरुवात करतो.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की अपूर्ण संशोधनाची नोंद म्हणजे अपयशाला प्रतिष्ठा देणे होय. आज अपूर्णाला जागा दिली तर उद्या पूर्ण करण्याची निकड कोणाला वाटेल? शिवाय निवडसमिती असा मजकूर पाहून उमेदवाराच्या चिकाटीविषयी शंका घेणार, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने आपले नुकसान का करावे? आक्षेपाचा पहिला भाग फारसा गंभीर नाही. पदवीबरोबर येणारे लाभ पदवीधरालाच मिळणार आहेत, आणि ते मिळावेतच. दुसरा भाग गंभीर आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मुलाखतीस बोलावतील की नाही, हे एखाद्या ओळीवर ठरू शकते. त्याला प्रामाणिकपणाचा उपदेश करणे सोपे, ते निभावणे त्याच्या वाट्याचे. मात्र समितीतील जाणते सदस्य वर्षांचे अंतर पाहतातच. २०१५ ची एम.ए., २०१६ ची सेट आणि २०२४ चा अर्ज यांच्यामधील मोकळी जागा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्या जागेविषयी उमेदवाराने आधीच दोन ओळी लिहिल्या असतील, तर मुलाखतीतील पहिला प्रश्न विषयाविषयीचा असण्याची शक्यता वाढते. लिहिल्या नसतील, तर तो 'मग इतकी वर्षे काय केले?' असा असतो. आणि 'चालू' असे लिहिले असेल, तर नोंदणीपत्राची प्रत मागितली जाते. तेथे पुढे काय होते, ते सांगायला नको.

तरीही प्रत्येक अपूर्ण नोंदणी लिहावी, असे मात्र नाही. पुष्कळ जणांनी प्रवेशपरीक्षा दिली, शुल्क भरले, एक वर्ष पूर्व-अभ्यासक्रमाला हजेरी लावली आणि विषयाला हातही लावला नाही. त्यांनी ती नोंद गाळलेलीच बरी. तिच्यातून कोणाला काहीही कळत नाही. नोंदणी ही घटना आहे, संशोधन नव्हे. ज्याला आपल्या विषयावर अर्धा तास बोलता येईल, आपण काय वाचले आणि कोठे अडलो हे सांगता येईल, त्यानेच ती करावी. आणि करताना पदवीचे नाव पात्रतेच्या तक्त्यात येऊ देऊ नये. तेथे फक्त मिळालेल्या पदव्या असाव्यात. अपूर्ण कामाची जागा 'संशोधन' या शीर्षकाखाली, लेख आणि चर्चासत्रांतील निबंध यांच्याआधी. तेथे विषय, विद्यापीठ, नोंदणीचे व थांबण्याचे वर्ष, कोणता टप्पा गाठला आणि हाती काय आहे, हे यावे. उदाहरणार्थ: 'विषयाची नोंदणी २०१७, पूर्व-अभ्यासक्रम उत्तीर्ण २०१८, रूपरेषा मान्य २०१९, तीन प्रकरणांचा खर्डा आणि अंकांची हस्तलिखित सूची तयार, प्रबंध सादर केला नाही, नोंदणी २०२४ मध्ये संपली.' यात कारण द्यावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मार्गदर्शकांविषयीची तक्रार तेथे लिहू नये, इतपत सांगता येईल. त्या खर्ड्यातून एखादा लेख निघून कोठे छापला असेल, तर उत्तमच. अपूर्ण प्रबंधाची सर्वांत चांगली साक्ष छापील लेख हीच.

या प्रश्नाला मराठी विभागांत एक उपरोधाची कडाही आहे. 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे अभ्यासक्रमांतही आली. पदवी हाती न घेता पुण्याहून सांगवीला परतलेला पांडुरंग सांगवीकर हा तिचा नायक. त्याच्या त्या परतण्याचे अर्थ वर्गावर्गांतून उलगडून सांगितले जातात. सांगणाऱ्यांपैकी कित्येकांची स्वतःची पीएच.डी. अर्ध्यावर थांबलेली असते, आणि त्याबद्दल ते स्टाफरूममध्येसुद्धा बोलत नाहीत.

उमेदवाराच्या धैर्यावर सगळा भार टाकून विभागांना मोकळे होता येणार नाही. पूर्ण झालेले प्रबंध आज 'शोधगंगा' या भांडारात ठेवले जातात आणि मंजूर झालेल्या रूपरेषांसाठी 'शोधगंगोत्री' आहे. म्हणजे एखाद्या विषयाची रूपरेषा दिसते आणि प्रबंध दिसत नाही, असे घडू शकते. मधल्या काळात काय झाले, हे त्या विभागाच्या नोंदवहीतच असते, आणि ती वही कोणी बाहेरचा पाहत नाही. नोंदणी संपली की विभागाने विद्यार्थ्याला एक साधे पत्र द्यावे: विषय, कालावधी, पार केलेले टप्पे. त्याला नवी पदवी निर्माण करण्याची गरज नाही, विद्यापरिषदेचा ठरावही लागू नये; विभागप्रमुखांची सही पुरे. त्या पत्राच्या आधारे परिचयपत्रातील ओळ लिहिली गेली, तर ती निव्वळ स्वतःची ग्वाही राहणार नाही.

विभागांच्या वार्षिक अहवालांत दोन याद्या छापल्या जातात, पीएच.डी. प्राप्त झालेल्यांची आणि नव्याने नोंदणी झालेल्यांची. दुसऱ्या यादीतील किती नावे काही वर्षांनी पहिल्या यादीत येतात, हे कोणीही जुने अहवाल शेजारी ठेवून पडताळू शकतो. जी येत नाहीत त्यांच्या विषयांची तिसरी यादी, संबंधितांच्या संमतीने आणि हाती असलेल्या सामग्रीच्या उल्लेखासह, दर पाच वर्षांनी छापायला बहुतेक विभागांना दीड-दोन पाने पुरतील.